जुना लेगो सेट ऑनलाइन विकताना: अवस्था कशी तपासावी आणि कशी लिहावी

‘लेगो सेट विकणे आहे. मुलगा मोठा झाला. एकदम चांगली कंडिशन. किंमत बोलून ठरवू.’ अशा जाहिराती रोज दिसतात आणि त्यातल्या बऱ्याचशा आठवडाभर तशाच पडून राहतात. घेणाऱ्याला ‘चांगली कंडिशन’ या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. सेट कोणता, तुकडे सगळे आहेत का, पांढरे तुकडे अजून पांढरे आहेत का, जोडणीची पुस्तिका आहे का, हे तो मेसेज करून एकेक विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं की तो दुसरीकडे वळतो.

लेगोच्या बाबतीत विकणाऱ्याची एक मोठी सोय आहे. इथे जवळजवळ सगळं मोजता येतं. प्रत्येक सेटला क्रमांक असतो, प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि कुठल्या सेटमध्ये कुठले तुकडे किती, याच्या याद्या ब्रिकलिंक, रिब्रिकेबल यांसारख्या साइटवर फुकट बघायला मिळतात. त्यामुळे विशेषणं बाजूला ठेवून काय तपासलं, काय सापडलं आणि काय तपासलं नाही, एवढंच लिहिलं तरी तुमचं वर्णन इतरांपेक्षा उजवं ठरतं.

पायरी १: सेटचा क्रमांक शोधा

खोक्यावर समोरच्या बाजूला आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सेटचा क्रमांक छापलेला असतो. हल्लीच्या सेटचा तो बहुधा पाच आकडी असतो, जुन्या सेटचा तीन किंवा चार आकडीही. पुस्तिकेवर कोपऱ्यात बारीक अक्षरात सात आकडी क्रमांकही दिसेल. तो त्या छापील पुस्तिकेचा असतो, सेटचा नाही.

नुसत्या नावाने काम भागत नाही. ताजमहालचंच घ्या. २००८ मध्ये आलेला १०१८९ हा सेट ५,९२२ तुकड्यांचा. तो बंद झाल्यावर जुन्या बाजारात त्याची किंमत बेफाम वाढली. मग २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तोच सेट १०२५६ या क्रमांकाने पुन्हा आणला, ५,९२३ तुकड्यांचा. उभा केल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. त्यानंतर २०२१ मध्ये आर्किटेक्चर मालिकेत २१०५६ हा तिसरा, बराच लहान ताजमहाल आला. तेव्हा ‘लेगो ताजमहाल’ एवढंच लिहिणाऱ्याला घेणारा आधी क्रमांकच विचारणार.

खोका आणि पुस्तिका दोन्ही हरवले असतील तर सेटमधला सगळ्यात वेगळा दिसणारा तुकडा उचला. बहुतेक तुकड्यांच्या आतल्या बाजूला साच्याचा बारीक क्रमांक असतो. तो शोधला की तो तुकडा कुठल्या कुठल्या सेटमध्ये येतो ते कळतं. दोन-तीन तुकड्यांत सेटचा छडा लागतो.

पायरी २: माल अस्सल आहे का ते बघा

लेगोसारखे दिसणारे आणि लेगोत चपखल बसणारे स्वस्त ब्रिक्स आपल्याकडे मुबलक मिळतात. घरात दोन भावंडं असली की दोन्ही प्रकार एकाच डब्यात जातात. अस्सल तुकड्याच्या प्रत्येक स्टडवर, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यावर, लेगोचं नाव कोरलेलं असतं. भिंग घ्या किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. नाव नसलेले तुकडे वेगळे काढा.

पूर्ण सेटच नक्कल असतो असंही होतं. लेपिन नावाने चीनमधून लेगोच्या सेटची हुबेहूब नक्कल विकली जायची. २०१९ मध्ये तिथल्या पोलिसांनी छापा घातला आणि पुढच्या वर्षी शांघायच्या न्यायालयाने संबंधितांना तुरुंगात धाडलं. तो माल मात्र आजही घराघरांत आहे. तुमच्याकडे तो असेल तर लेगो म्हणून विकू नका.

पायरी ३: नवा की वापरलेला, हे ठरवा

इथे फार गोंधळ होतो. संग्राहकांच्या भाषेत नवा म्हणजे कारखान्यातून आलेलं सील न फोडलेला खोका. जाहिरातींत ‘एमआयएसबी’ (मिंट इन सील्ड बॉक्स) अशी अक्षरं दिसतात ती याचसाठी. खोका उघडला पण आतल्या पिशव्या बंद आहेत, तर ‘खोका उघडलेला, आतल्या सर्व पिशव्या सीलबंद’ असं पूर्ण वाक्य लिहा. ‘एकदाच जोडून शोकेसमध्ये ठेवला होता’ हा सेट वापरलेलाच. मुलाने हात लावला नसेल, शोकेसला काच असेल, तरी वापरलेलाच. यावर वाद घालणारे विक्रेते भेटतात, पण घेणारा त्यांच्याशी वाद घालत बसत नाही, पुढे जातो.

सीलबंद खोका विकत असाल तर वर्णन खोक्याचं करायचं. सहाही बाजू बघा. कोपरा चेपलाय का, कुठे पोचा आलाय का, एकावर एक रचून ठेवल्याने मधला भाग दबलाय का, उन्हाकडच्या बाजूचा रंग उडालाय का? सील चिकटपट्टीचं असेल तर प्रत्येक पट्टीचा जवळून फोटो काढा. भारतात विकल्या गेलेल्या सेटवर आयातदाराचं आणि एमआरपीचं लेबल असतं. ते सोलू नका, कारण त्याच्यासोबत खोक्याचं चित्रही निघून येतं. आहे तसं ठेवून उल्लेख करा.

पायरी ४: धुवा, मग तपासा

धुळीने माखलेला तुकडा पिवळा आहे की नुसता मळलाय हे सांगता येत नाही. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून हाताने धुवा. पाणी ४० अंशांच्या वर नको, असं कंपनीच सांगते. वॉशिंग मशिन नको, डिशवॉशर नको, हेअर ड्रायर नको. स्टिकर लावलेले तुकडे, कापडी भाग आणि विजेवर चालणारे भाग पाण्याबाहेर ठेवा आणि ओलसर फडक्याने पुसा. वाळवायचं सावलीत. पावसाळ्यात पंख्याखाली टॉवेलवर पसरून दोन दिवस तरी राहू द्या. ब्रिकच्या पोकळीत पाणी राहिलं आणि तसंच पिशवीत भरलं तर पोहोचेपर्यंत कोंदट वास येतो.

काही जण पिवळे तुकडे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवतात. रंग बराचसा परत येतो, पण कालांतराने पुन्हा पिवळसर होऊ शकतो. मी स्वतः विकण्याआधी हे करू नये या मताचा आहे. केलंच असेल तर वर्णनात सांगा.

पायरी ५: मोजा

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि किंमत ठरते तीही याच्यावर. सेट सुटा करा, आधी रंगाने आणि मग आकाराने ढीग लावा आणि यादी उघडून एकेक ओळ ताडून बघा. यादीत नसलेले दोन-चार बारीक तुकडे जास्त निघाले तर गोंधळू नका. कंपनी बारीक तुकडे सुटे म्हणून जास्तीचे देते.

‘मी जोडून पाहिला, पूर्ण झाला’ हा पुरावा दिसतो तितका भक्कम नाही. जोडताना लाल प्लेट, म्हणजे पातळ चपटा तुकडा, सापडली नाही तर आपण आतल्या बाजूला निळी लावून पुढे जातो आणि बाहेरून काही कळत नाही. घेणारा सेट सुटा करतो तेव्हा ते उघड होतं. मोठ्या सेटची मोजणी खरंच शक्य नसेल तर तसं लिहा: ‘जोडलेल्या अवस्थेत, बाहेरून काही कमी दिसत नाही, आतले तुकडे मोजलेले नाहीत.’ यातून किंमत थोडी कमी येईल, पण नंतरची भांडणं टळतील.

नसलेल्या तुकड्यांची यादी क्रमांकासह द्या. युरोपातला माणूस हरवलेली प्लेट किरकोळ पैशांत मागवून घेतो. आपल्याकडे तोच तुकडा परदेशातल्या दुकानातून आणायचा तर टपालखर्च तुकड्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, वर कस्टमची टांगती तलवार. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. म्हणून इथला घेणारा ‘फक्त तीन तुकडे नाहीत’ हे वाचून हसत नाही, कुठले तीन ते विचारतो. साधी २×४ ब्रिक असेल तर त्याच्या डब्यात ती सापडेलच. विमानाची काच असेल तर तो हिशोब वेगळा.

बदली तुकडे घातले असतील तर तेही लिहा. आकार आणि रंग तोच, पण तुकडा दुसऱ्या सेटमधला, यात काही वावगं नाही. रंग वेगळा असेल तर मात्र तो तुकडा ‘नाही’ असाच धरायचा.

पायरी ६: तुकड्यांची तब्येत

लेगोचे ब्रिक १९६३ पासून एबीएस प्लॅस्टिकचे बनतात. हे प्लॅस्टिक टणक आहे, पण ऊन त्याला सोसत नाही. पांढरा पिवळा पडतो, जुना फिका राखाडी मळकट होतो, निळ्यावर हिरवट झाक येते. तपासायची युक्ती सोपी आहे. एकमेकांवर बसलेले दोन तुकडे वेगळे करा. झाकला गेलेला भाग मूळ रंगाचा राहतो, उघडा भाग बदललेला असतो. फरक डोळ्यांना दिसला तर पिवळेपणा आहे. किती तुकड्यांवर आणि कुठल्या बाजूला, हे लिहा. ताजमहालसारख्या जवळजवळ पांढऱ्या सेटमध्ये संपूर्ण वर्णनातली ही एकच ओळ घेणारा दोनदा वाचतो. तो सेट खिडकीसमोर उभा असेल तर एक बाजू पिवळी आणि एक पांढरी असंही निघतं. सुटा करून पुन्हा जोडला की ते तुकडे सगळीकडे विखुरतात आणि घुमट ठिपकेदार दिसतो.

राखाडीची आणखी एक गंमत आहे. २००४ च्या सुमारास कंपनीने आपले दोन्ही राखाडी आणि तपकिरी रंग बदलले. नव्या राखाडीत निळसर झाक आहे. जुन्या किल्ल्यात किंवा अंतराळयानात नव्या राखाडीचे तुकडे मिसळले असतील तर दिवसाच्या उजेडात ते लगेच ओळखू येतात, पिवळ्या बल्बखाली येत नाहीत. म्हणून रंग नेहमी सकाळी, खिडकीजवळ बघावेत.

तपकिरी आणि गडद लाल तुकडे हाताळताना जपा. साधारण २०१० च्या आगेमागे बनलेले या रंगांचे बरेच तुकडे ठिसूळ निघाले आहेत. सुटे करताना क्लिप मोडते, प्लेटला तडा जातो. तुमच्या सेटमध्ये असे मोडलेले तुकडे असतील तर त्यांची संख्या द्या. मोडले नसले तरी ‘तपकिरी तुकडे जुने आहेत, जपून हाताळावेत’ असं एक वाक्य टाकायला हरकत नाही.

याखेरीज बघायच्या गोष्टी: दातांच्या खुणा, कडेचे टवके, पारदर्शक काचांवरचे चरे, पेनाच्या खुणा आणि पकड. पकड म्हणजे दोन तुकडे जोडून उलटे धरले तर खालचा गळून पडतो का, हे. ब्रिकच्या भिंतीला केसाएवढा तडा असला तरी पकड जाते. तो तडा फोटोत दिसत नाही, उजेडासमोर धरल्यावर दिसतो.

‘हलके चरे’ आणि ‘बरेच चरे’ यांत प्रत्येकाची कल्पना वेगळी. माझी पद्धत अशी: हातभर अंतरावरून न दिसणारे, तुकडा तिरपा धरल्यावर दिसणारे ते हलके, हातभर अंतरावरूनही दिसतात ते ठळक. तुमची व्याख्या दुसरी असली तरी चालेल, पण ती वर्णनातच लिहून टाका.

पायरी ७: मिनिफिगर स्वतंत्र तपासा

ही १९७८ पासून येणारी छोटी माणसं कित्येकदा सेटच्या निम्म्याहून जास्त किंमत घेऊन बसलेली असतात. २००३ च्या क्लाउड सिटी या स्टार वॉर्स सेटमधला बोबा फेट हे त्याचं ठळक उदाहरण. हातापायांवर छपाई असलेली ती एक मूर्ती गेली तर उरलेल्या सेटकडे कोणी बघत नाही. म्हणून मिनिफिगरचा वेगळा परिच्छेद करा आणि प्रत्येकाची एक ओळ लिहा.

धड कंबरेपासून काढा आणि काखेखालच्या दोन्ही कडा उजेडात बघा. तडा बहुतेक तिथेच जातो. मग पंजे बघा: वस्तू धरतात की निसटते? हात आणि पाय फिरवल्यावर आहे तिथे थांबतात की लुळे पडतात? चेहऱ्याची आणि छातीवरची छपाई पुसली आहे का, पाठीकडे छपाई असेल तर तीही. डोकं काढून मागे दुसरा चेहरा आहे का ते बघा. जुन्या अंतराळवीरांच्या हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी फार बारीक असायची आणि ती मोडलेलीच जास्त सापडते. चांदीसारखा किंवा सोन्यासारखा मुलामा असलेले भाग असतील तर मुलामा किती उडालाय ते सांगा. कापडी केप धागे सुटलेली आहे का, हेही.

तलवार, कप, वॉकीटॉकी, केसांचा टोप या वस्तू यादीत असतात आणि सोफ्याखाली जातात. ‘मिनिफिगर पाचही आहेत’ लिहिताना त्यांच्या हातातल्या वस्तूंसह पाच की नुसते पाच, हे स्पष्ट हवं.

पायरी ८: स्टिकर, कागद, खोका, वीज

स्टिकर लावलेले असतील तर सरळ लागलेत का, कोपरे उचकटलेत का ते सांगा. काही लोक ते दोन तुकड्यांच्या सांध्यावर लावतात आणि सुटं करताना स्टिकर फाटतो. स्टिकरचा कागद न वापरता तसाच असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे, वर्णनात वरच लिहा.

पुस्तिका मुंबईत किंवा कोकणात दोन-चार पावसाळे काढून आली असेल तर पानं नीट उघडून बघा. दमटपणाने पानं लाटांसारखी होतात, पिनांना गंज चढून त्याचा डाग उतरतो, कसर कडा खाते, बुरशीचे ठिपके पडतात. पान गायब नाही ना, हे पानांचे क्रमांक बघून खात्री करा. पुस्तिका दोन किंवा तीन भागांत असू शकते. कंपनीच्या साइटवर बहुतेक पुस्तिका पीडीएफ स्वरूपात मिळतात, त्यामुळे ती नसली तरी सेट विकतो, पण ‘मूळ छापील पुस्तिका नाही’ असं लिहायचं राहू देऊ नका.

मोटर किंवा दिवे असलेल्या सेटमध्ये बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर बॅटरी पाझरली आहे. नव्या बॅटऱ्या घालून मोटर दोन्ही दिशांनी फिरवा आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. चालवून बघितली नसेल तर ‘तपासलेली नाही’ लिहा. ‘चालत असावी’ हे शब्द वापरू नका. टेक्निक या यांत्रिक मालिकेच्या सेटमधले रबर बँड जुने झाले की भुगा होतात, तेही बघून घ्या.

घरात सिगारेट ओढली जाते का, मांजर किंवा कुत्रा आहे का, हे लिहायला आपल्याला अवघड वाटतं. वासाचं वावडं असलेला घेणारा मात्र हे आवर्जून विचारतो. अर्धं वाक्य पुरतं.

पायरी ९: फोटो

दिवसाचा उजेड, साधी पार्श्वभूमी, फिल्टर बंद. शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे पांढऱ्या तुकड्यांचा खरा रंग कळतो. पूर्ण सेट, मिनिफिगर पुढून आणि मागून, पुस्तिका, खोका, आणि प्रत्येक दोषाचा जवळचा फोटो. नेटवरून उचललेलं कंपनीचं चित्र लावू नका. ते दिसलं की सेट तुमच्याकडे आहे की नाही इथूनच शंका सुरू होते.

पायरी १०: आता लिहा

क्रम असा ठेवा: क्रमांक, नवा की वापरलेला, मोजणी, दोष, मिनिफिगर, कागद आणि खोका. मालाची स्तुती करायची असली तर शेवटी. एक काल्पनिक नमुना देतो:

‘लेगो १०१८९ ताजमहाल, २००८ चा सेट. वापरलेला. संपूर्ण सुटा करून ब्रिकलिंकच्या यादीशी ताडून मोजला. ५,९२२ पैकी ५,९१६ तुकडे आहेत. नसलेल्या सहा तुकड्यांची क्रमांकांसह यादी शेवटच्या फोटोत. बदली तुकडे नाहीत, सर्व तुकडे अस्सल. पांढऱ्यांपैकी साधारण ६० तुकड्यांवर हलकी पिवळसर झाक, ते वेगळ्या पिशवीत ठेवले आहेत, फोटो ४ बघा. दोन प्लेटना तडा, फोटो ५. हातभर अंतरावरून न दिसणारे हलके चरे काही ठिकाणी. पेरॉक्साइड वापरलेलं नाही. या सेटमध्ये मिनिफिगर नसतात. पुस्तिका सर्व आहेत, एकीच्या मुखपृष्ठाला घडी, पानं पूर्ण. खोका नाही. घरात धूम्रपान नाही, पाळीव प्राणी नाही. रंगानुसार पिशव्या भरून पाठवीन.’

असं वर्णन वाचून कोणी ‘कंडिशन कशी आहे?’ असं विचारत नाही. किंमत किती कमी कराल, एवढंच विचारतात, आणि दोष आधीच कागदावर असल्याने तुम्हालाही ठाम राहता येतं.

‘मिंट’, ‘रेअर’, ‘लाइक न्यू’ हे शब्द टाळाच. सेट खरोखर दुर्मिळ असेल तर क्रमांकावरून जाणकाराला कळतंच. ‘रेअर’ वाचून येतात ते बहुधा घासाघीस करणारे.

पाठवण्याआधी

पार्सल बंद करताना सलग व्हिडिओ काढा, पिशव्या, मिनिफिगर आणि पुस्तिका त्यात दिसू द्या. मिनिफिगर वेगळ्या छोट्या पिशवीत, पुस्तिका पुठ्ठ्यात सपाट, आणि सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मगच खोक्यात. जून ते सप्टेंबर हे विशेष पाळा. जोडलेला सेट कुरिअरने पाठवू नका, वाटेत तो सुटतोच आणि ठिसूळ तुकडे मोडतात. वर्णन आणि फोटो विक्री झाल्यावर लगेच पुसून टाकू नका. पार्सल पोहोचून घेणाऱ्याने मोजणी करेपर्यंत ते असू द्या. त्याने एखादा तुकडा कमी असल्याचं कळवलं तर आधी तुमच्या यादीत तो ‘नाही’ म्हणून आहे का ते बघा. यादीत नसेल आणि तो तुमच्या घरी राहिला असेल, तर साध्या पाकिटात घालून पाठवून द्या.